दारातल्या गाडीचं औषध

७ जानेवारी
शिवणाच्या दुकानातून

प्रिय ठिणगी,

वहिनीचं पत्र, तेही कागदावर, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार असं समजून घाबरू नकोस. फोन करता आला असता. पण तुझा दादा निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे फोन हा सार्वजनिक कार्यक्रम झाला आहे. मी 'हॅलो' म्हटलं की आतून आवाज येतो, "कोण आहे? स्पीकरवर टाक." मग तू त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तो देतो आणि मला विचारलेल्यांचीही तोच देतो. परवा तू मला गुडघा कसा आहे विचारलंस, तेव्हा "मस्त आहे" कोण म्हणालं आठवतंय ना? म्हणून हे पत्र. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. इथं माझ्याशिवाय फक्त मशीन आहे आणि कपडे चढवायचा पुतळा, ज्याला डोकं नाही.

विचारायचं ते असं. तू इंधनाच्या प्रयोगशाळेत आहेस. दिवसभर इंजिनं चालवून ती कशानं घाण होतात आणि कशानं साफ होतात ते बघतेस, असं मी लोकांना सांगत असते. तर पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या त्या छोट्या बाटल्या मिळतात ना, 'इंजिन स्वच्छ, इंजेक्टर स्वच्छ' असं लिहिलेल्या, त्यांनी खरंच काही होतं का गं?

तुझ्या दादानं त्यांचा नाद घेतला आहे. आधी एक आणली. मग वेगळ्या रंगाची एक. आता स्वयंपाकघरात तेलाच्या फळीवर त्यांची रांग लागली आहे. परवा कढई तापली म्हणून मी हात लांब केला, तर इंजेक्टर साफ करायचं औषध हातात आलं. वास आला म्हणून वाचलो, नाहीतर आमचीच आतडी लखलखीत झाली असती.

मी म्हटलं, "या बाटल्या गाडीत ठेव."

"गाडीत तापतात. त्यांना सावली लागते."

माझ्या गुडघ्याच्या गोळ्या मात्र गेली दोन वर्षं खिडकीत उन्हात असतात. त्यांची चौकशी नाही.

गाडी तीच, आपली राखाडी. पाण्याचे पंप विकायच्या नोकरीत त्यानं तिला गावोगाव फिरवलं, आणि तुलाही तिच्यावरच चालवायला शिकवलं. ती हल्ली सुरू होताना खोकते. उभी असताना थरथरते. दादा म्हणतो, इंजेक्टरवर थर बसलाय, औषधानं जाईल. गॅरेजवाला म्हणाला की काढून साफ करून देतो, तर त्याला झाकणसुद्धा उघडू दिलं नाही.

मला एवढंच कळायला हवं, की बाटलीनं फरक पडतो का. पडत असेल तर मी फळी रिकामी करून देते, माझं तेल जाईल खाली. पडत नसेल तर तसं सांग. मग त्याला कसं सांगायचं ते माझं मी बघेन.

बाकी सगळं छान. दादाची तब्येत उत्तम. सकाळ झाली की तो गाडीत असतो, तुला माहीतच आहे.

डोकं नसलेल्या पुतळ्यासह,
तुझी वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि आतड्यांपाशी आल्यावर घास घशात अडकला. पहिली सूचना म्हणजे बाटल्या फळीवरून काढ, त्या पेटतात. सावली हवी हे दादाचं खरं आहे, पण शेगडीजवळची सावली नको.

आता तुझा प्रश्न. तुला हो किंवा नाही ऐकायचं आहे. आमच्याकडे असं उत्तर देणाऱ्याला विक्री विभागात पाठवतात. तरी प्रयत्न करते.

तुझी इस्त्री करताना पाणी मारायची बाटली आहे ना? नवी असते तेव्हा कसा बारीक फवारा येतो, धुक्यासारखा. मग तोंडाशी क्षार साठतात आणि फवाऱ्याऐवजी कपड्यावर टपोरे थेंब पडतात. इंजेक्टरचं अगदी असंच. त्यानं पेट्रोलचं धुकं करायचं असतं. बारीक भोकांवर चिकट थर बसला की धुक्याची धार होते, पेट्रोल नीट जळत नाही आणि गाडी खोकते. तेव्हा दादाचं निदान बरोबर आहे.

बाटलीत, चांगली असली तर, साबणाच्या जातीचं रसायन असतं. एका टोकानं मळाला धरतं, दुसऱ्या टोकानं पेट्रोलला, आणि मळ पेट्रोलबरोबर जळून जातो. बऱ्याच पंपांवरच्या पेट्रोलमध्ये ते थोडंफार आधीच घातलेलं असतं. थर बसू न देणं हे त्याचं खरं काम. बसलेला थरही ते काढतं, पण सावकाश. टाकीभर पेट्रोल त्यातून वाहावं लागतं, इंजिन चांगलं तापावं लागतं. फारच घट्ट बसला असेल तर गॅरेजवाला म्हणतो तेच करावं. आणि काही बाटल्यांत रंग आणि सुवासिक रॉकेल याखेरीज काही नसतं. दादाच्या रांगेत कोण कोण आहे ते मला माहीत नाही. पण दोन वेगळ्या रंगांच्या एकदम ओतत असेल तर थांबव. दोन डॉक्टरांची औषधं एकत्र घेतल्यासारखं आहे ते.

नव्या धाटणीच्या काही इंजिनांत पेट्रोल झडपांना शिवतच नाही, मग झडपांवर बसलेला मळ बाटली कसा काढणार? पण आपली राखाडी जुन्या वळणाची आहे, तिला औषध लागू पडावं.

म्हणूनच कळत नाही. दादासारख्या रस्ते तुडवणाऱ्या माणसाच्या गाडीचे इंजेक्टर असे भरत नाहीत. भरतात ते कोपऱ्यावर जाऊन परत येणाऱ्यांचे. हल्ली जातो कुठे तो? खरं सांग, गल्लीच्या टोकाला पत्त्यांचा अड्डा सापडला का? डॉक्टरला लक्षणं सांगतात तसा गाडीचा सकाळपासूनचा दिवस मला लिहून पाठव. काही लपवू नकोस, मी फी घेत नाही.

तुझी,
ठिणगी

आणि गुडघा कसा आहे? या वेळी तू उत्तर दे.


२४ जानेवारी
दुकान

ठिणगीबाई,

गुडघा कुरकुरतो. बाटल्या मोरीच्या कोनाड्यात गेल्या. तो म्हणाला, "तिथं दमट असतं." मी म्हटलं, "त्यांना सर्दी झाली तर मी वाफ देईन."

आता लक्षणं.

सकाळी उठल्यावर आधी गाडीच्या काचा पुसतो. पुढची, मागची, बाजूचे आरसे. आरसे जास्त वेळ. मग आत बसतो, पट्टा लावतो आणि गाडी सुरू करतो. डोळे मिटून, मान तिरकी करून आवाज ऐकतो. माझा चहा होईपर्यंत ऐकतो. मी खिडकीतून कपाला चमचा वाजवला की बंद करून आत येतो. चहा घेताना मी त्याला पेपर वाचून दाखवते. (म्हणतो, तुझ्या आवाजात बातम्या कमी वाईट वाटतात.) पेपर झाला की पुन्हा बाहेर. "मघाशी थंड होती, आता खरा आवाज कळेल." पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मी दुकानात यायला निघते तेव्हा तिसरी फेरी चालू असते. मी जेवायला घरी जाते तेव्हाही बॉनेटला हात लावला तर गरम लागतं.

कुठे जातो ते मी दुकानात असताना मला कसं कळणार? लक्षणं सांग म्हणालीस, मी सांगितली.

तुला आणखी एक विचारायचं होतं, गाडीशीच संबंध आहे म्हणून. माझ्याकडे एक गिऱ्हाईक बाई येतात. वयानं माझ्याएवढ्या, बांध्यानं माझ्यासारख्या. त्यांनी गाडी शिकायला घेतली आहे, आणि क्लच सोडला की त्यांची गाडी बेडकासारख्या उड्या मारते. शिकवणारी बाई म्हणते, "पायात माया आणा." आता पायात माया कुठून आणायची? त्या मला विचारतात, मी तुला विचारते.

त्या बाईंना आरसेही तीन-तीन का बघावे लागतात ते कळत नाही. एकाच आयुष्यात किती मागे बघायचं माणसानं?

तुझी,
वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि सरळ वर्कशॉपमध्ये जाऊन उभी राहिले. का ते सांगते.

साफ करायचं औषध तपासायचं तर आधी आम्हाला इंजेक्टर घाण करून घ्यावा लागतो, मुद्दाम. त्याची ठरलेली पद्धत आहे. इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि बंद करायचं. मग गरम इंजिन तसंच उभं ठेवायचं. इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेला थेंब त्या उष्णतेनं वाळतो, त्याचा डिंक होतो. मग पुन्हा सुरू, पुन्हा बंद. असं करत राहिलं की चांगला इंजेक्टरसुद्धा चोंदतो. आमच्याकडे हे काम यंत्र करतं, कारण माणसाला त्याचा कंटाळा येतो.

दादा दारात बसून आमची चाचणी हुबेहूब करतोय. हातानं घाण करतो आणि बाटलीनं साफ करतो.

म्हणजे गाडी दाराबाहेर जातच नाही. तू 'कुठे जातो मला कसं कळणार' लिहिलंस, पण तो कुठेच जात नाही आणि तुला ते माहीत आहे. का, वहिनी?

मला एकच कारण सुचतं आणि ते लिहिल्यावाचून राहवत नाही. तुला त्याच्या गाडी चालवण्याची आधीपासून भीती वाटायची. शेजारी बसून दाराची कडी धरून ठेवायचीस. आता नोकरी संपली तर तू त्याला घरी बसवलंस का? आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस आहे तो. त्याला दारात बांधून ठेवायचं आणि वर मला बाटलीबद्दल विचारायचं, हे मला बरं वाटलं नाही.

तुझ्या गिऱ्हाईक बाईंना सांग, क्लच सोडायची घाई करतात. अर्ध्यावर थांबायचं, गाडी ओढ घेऊ लागली की मग सोडायचा.

ठिणगी


१ मार्च
दुकान

ठिणगी,

तुला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुझा करडा कोट अस्तर बदलायला माझ्याकडे आहे, त्याची एक बाही उलटी जोडून पाठवावी असंही मनात आलं. जोडलीसुद्धा. मग उसवली. राग असला म्हणून शिवण वाईट करायची माझी छाती होत नाही.

आता खरं.

पावसाळा सरत आला होता. आम्ही बाजारातून येत होतो. वळणावर डावीकडून एक आजोबा रस्ता ओलांडत होते, हातात अंड्यांचा ट्रे. मला दिसले. मला वाटलं, त्यालाही दिसलेच असणार, म्हणून क्षणभर बोलले नाही. मग ओरडले. गाडी थांबली ती आजोबांच्या अगदी गुडघ्याशी. अंडी सगळी रस्त्यावर. आजोबा उभे होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते, आमच्या सात पिढ्यांना पुरेल इतकं. ठिणगे, तुला सांगते, कुणाच्या शिव्या ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दादा म्हणाला, "हे आले कुठून? मला दिसले नाहीत."

हळूहळू घरी आणली त्यानं गाडी. दारात लावली, किल्ली खिशात टाकली. त्या दिवसापासून ती तिथंच आहे. मी अडवलं नाही. मी अडवायच्या आधी तोच थांबला.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं जातं. डावीकडचं बरंच गेलं आहे, उजवीकडचं अजून टिकून आहे. थेंब वेळेवर घातले तर आहे ते राहील, गेलेलं यायचं नाही. गाडी चालवायची नाही.

तुला सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं. "तिला मी शिकवलंय," म्हणाला. "आरसा बघ, आरसा बघ म्हणून तिच्या डोक्याशी कटकट केली मी. तिला कशाला कळायला हवं?" मी हो म्हटलं. इतके महिने पाळलं.

पण गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, हा आजार घराण्यातून येतो, सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्यावेत. म्हणून शब्द मोडते आहे. कोटाची काळजी सोड आणि डोळे तपासून घे. तिकडून पत्र नको, तार आल्यासारखा फोन कर आणि नुसतं 'ठीक' म्हण. त्याला स्पीकरवर काय ऐकायचं ते ऐकू दे.

आणि बाटलीचं. तो म्हणतो, "इंजिन साफ राहिलं पाहिजे. उद्या काढायची झाली तर?" कुठल्या उद्या, ते मी विचारत नाही. मी तुला विचारत होते ते खरं म्हणजे एवढंच, की त्याच्या हातातली बाटली काढून घेऊ का नको. तू इंजेक्टरबद्दल छान लिहिलंस. पण मला अजून कळलेलं नाही.

वहिनी

त्या गिऱ्हाईक बाई आता उड्या मारत नाहीत. चढावर मात्र मागे जातात.


९ मार्च

वहिनी गं,

फोनवर 'ठीक' म्हटलं ते खरंच ठीक आहे. डोळे साफ आहेत, दरवर्षी दाखवायला सांगितलंय. दादा मधेच "काय ठीक?" म्हणाला तेव्हा तू "तिचा कोट" म्हणालीस, आणि मला हसू आवरेना आणि रडूही.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. माझं आधीचं पत्र फाडून टाक. नाहीतर ठेव, आणि मी जास्त बोलायला लागले की दाखव. तू दाराची कडी धरून बसायचीस ते आठवलं मला, पण कडी धरूनही त्याच्याबरोबर सगळीकडे जायचीस, ते सोयीनं विसरले.

बाटली काढून घेऊ नकोस. एकच ठेव, बाकीच्या परत दे. औषध खोटं नाही. पण दारात उभ्या गाडीला जगातलं कुठलंही औषध पुरं पडणार नाही. तिला एक टाकी पेट्रोल, त्यात एक बाटली आणि लांब, मोकळा, न थांबता जायचा रस्ता हवा. माझ्या घरापर्यंतचा चालेल. चालवणारी मिळाली तर बघ.

वहिनी, शिवणाच्या दुकानात मापं द्यायला आलेली कुठली बाई क्लचबद्दल बोलते गं? पहिल्या वाक्यालाच ओळखलं मी. चढावर हॅन्डब्रेक ओढून ठेव, क्लच अर्ध्यावर आण, गाडीचं नाक जरासं उचललं की ब्रेक सोड. पायात माया आहे तुझ्या. आयुष्यभर पायमशीन चालवलंस.

सोबत दादासाठी वेगळी चिठ्ठी आहे. सरळ चेहऱ्यानं वाचून दाखव.

ठिणगी

*

दादा,

हे कामाचं पत्र आहे, म्हणून मुद्द्याचं लिहिते. एका चाचणीसाठी आम्हाला जुन्या वळणाच्या इंजिनातले भरलेले इंजेक्टर हवे आहेत. तुझ्या राखाडीचे चालतील असं वाटतं. गाडी ओढून आणलेली चालणार नाही. टाकीत एक, फक्त एक बाटली ओतून सलग चालवत आणावी. चालवणारं कोणीही चालेल. पण शेजारी बसून इंजिन ऐकणारा माणूस जाणता हवा. कुठे खोकली, कुठे थरथरली, कुठे थांबली, सगळं लिहून घ्यायचं आहे. असं कोणी ओळखीत असेल तर कळव.

ठिणगी


५ एप्रिल
राखाडीतून

ठिणगे,

अक्षर मोठं आहे, पेन जाड आहे आणि कागदाखाली नकाशाची वही धरली आहे. चालवून घे.

तुझं कामाचं पत्र तुझ्या वहिनीनं इतक्या सरळ चेहऱ्यानं वाचून दाखवलं, की तिनं तुला माझ्या डोळ्यांचं सांगितलंय हे मला तेव्हाच कळलं. तिचा चेहरा एरवी कधीच सरळ नसतो. तुम्ही दोघी मला काय समजता? माझं बाजूचं दिसणं गेलंय, कान जागेवर आहेत. संध्याकाळी ती घरच्या मशीनवर बसते. पूर्वी एका दमात टीप मारत सुटायची. गेले काही महिने पाय दाबते, थांबते, हळूच सोडते. मग पुन्हा दाबते. अशी कुठली शिवण असते? मी आतल्या खोलीत पडून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, अजून लवकर सोडतेय, अजून लवकर. एक दिवस क्लच बरोबर सुटला. मी उठून बाहेर आलो आणि उगीचच म्हटलं, "चहा करू का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गाडी विकून आलोय.

स्वतःचं नवं लायसन्स तिनं बटणांच्या डब्यात लपवलं होतं. शर्टाचं बटण तुटलं तर मी स्वतः शोधणार नाही असा तिचा अंदाज. बरोबर होता, पण एक दिवस शोधलं.

आज सकाळी किल्ली दिली तिला. आता मी जे केलं ते तुला ती सांगेलच, म्हणून आधी मीच सांगतो. सवयीनं मी जाऊन चालवायच्या जागी बसलो. पट्टासुद्धा लावला. ती पर्स घेऊन दाराशी उभी राहिली. उन्हात उभी राहिली नुसती. मला उतरायचं होतं. पण उतरलो असतो तर गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारानं बसावं लागलं असतं, आणि तो वळसा मला फार लांबचा वाटला. म्हणून पट्टा सोडला आणि आतूनच, गिअरवरून, पलीकडे सरकलो. या वयात. पँट टर्रकन उसवली.

ती आत बसली, सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे स्वतःला हवे तसे फिरवले. माझे आरसे, ठिणगे! मग म्हणाली, "तिथं पोचल्यावर शिवून देते."

आता नोंदी. सुरू होताना खोकली. गल्लीच्या तोंडाशी खोकली. पुलाच्या चढावर इतकी थरथरली की माझे दात वाजले. मी म्हटलं, "दुसरा टाक." ती म्हणाली, "सल्ला नको, नोंद घे." चढावर मागे गेली नाही, हे लिहायला तिनंच सांगितलं.

मग ती बोलायला लागली. मला वाटलं माझ्याशी, तर रस्त्याशी. "डावीकडे पिवळी भिंत. डावीकडे सायकलवाला, गेला. डावीकडे तळं." मी म्हटलं, "कसलं तळं?" म्हणाली, "मोठं आहे. बगळे आहेत." या रस्त्यानं मी आयुष्य काढलं, पंप विकले, तुला गाडी शिकवली. इथं तळं आहे हे मला ठाऊक नव्हतं. सगळं दिसत होतं तेव्हा मी फक्त समोर बघत होतो. ती सांगत राहिली, मी ऐकत राहिलो. मोठ्या रस्त्याला लागून बराच वेळ झाल्यावर वहीकडे लक्ष गेलं. पान कोरं होतं. मी लिहायला विसरलो नव्हतो. लिहायलाच काही नव्हतं. राखाडी चालली होती, पूर्वी चालायची तशी, कुरकुर न करता.

बाटलीनं की रस्त्यानं, ते तू ठरव, पगार तुला मिळतो. इंजेक्टर हवे तर काढून बघ. पण नीट बसवून दे, परत जायचंय. जाताना तळं उजवीकडे येईल. तिकडचं मला अजून दिसतं.

हे पत्र टपालात टाकत नाही. आम्ही तुझ्या इमारतीच्या फाटकाशी आडवे उभे आहोत आणि दोन्हीकडच्या गाड्या आमच्या नावानं हॉर्न वाजवताहेत, कारण तुझ्या वहिनीला मागे घेऊन लावायला अजून कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "दे, मी लावतो." तिनं किल्लीवरचा हात काढला नाही. मीही पुन्हा मागितली नाही.

वॉचमनच्या हाती वर पाठवतोय. लगेच खाली ये. आणि येताना सुईदोरा आण. अख्खं आयुष्य शिवणात घालवलेली बाई आज सुई घरी विसरली आहे, आणि मला असं उतरता येणार नाही.

दादा